खोळीच्या आत

शिडाच्या नौकेतली केबिन घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा लहान असते, आणि तिथल्या बहुतेक वस्तूंना दोन-दोन कामं लावलेली असतात. जेवणाचं टेबल खाली उतरवलं की त्याचा पलंग होतो, बाकाची फळी उचलली की खाली दोरखंड, डबे, पाण्याची टाकी सापडते. या सगळ्यावर पसरलेल्या गाद्या दिवसा बैठक असतात, रात्री अंथरूण. नौकेची निगा राखणारा माणूस शीड उन्हात धरून तपासतो, दोर घासला की बदलतो, तळ खरवडून रंगवतो. गादीची खोळ विटली तर हौसेनं नवं कापड आणतो. खोळीच्या आतला फोम मात्र वीस-वीस वर्षं तसाच राहतो. माझं म्हणणं असं की आधी फोम बदलावा, खोळीचं मागाहून पाहावं. आणि हा खर्च सजावटीच्या खात्यात न टाकता शीड-दोरांच्या खात्यात मांडावा.

याचं पहिलं कारण असं की नौका आणि तिच्यातला फोम यांचं वय एका मापाचं नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन इथे १९७०च्या दशकात बांधायला घेतलेल्या ‘कॉन्टेसा ३२’ या फायबरग्लासच्या नौका आजही समुद्रात जातात. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत वादळानं पंधरा स्पर्धकांचा जीव घेतला, तेव्हा सर्वांत लहान नौकांच्या वर्गातली जी एकच नौका शर्यत पुरी करून आली, ती ‘असेंट’ याच जातीची. अशा नौकेचं अंग पन्नास वर्षांनंतरही खणखणीत वाजतं. पण फोम म्हणजे काय? ओट्टो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या बारीक बुडबुड्यांची ती जाळी. उत्तम प्रतीच्या फोममध्येही सत्त्याण्णव टक्के हवाच असते, आणि माणसाचं सगळं वजन उरलेल्या तीन टक्क्यांच्या काड्यांवर पेललं जातं. त्या काड्या दर दाबासरशी वाकतात आणि सरळ होतात. वर्षानुवर्षं वाकून, दमट उष्णतेत मऊ पडून एक दिवस त्या सरळ व्हायच्या थांबतात. ‘गादी बसली’ असं आपण म्हणतो ते अगदी शब्दशः खरं आहे.

कापसाच्या गादीला मराठी घरानं एक उपाय ठेवला होता. पिंजारी दारात यायचा, त्याच्या धनुकलीच्या तारेचा सूर अंगणभर घुमायचा, आणि गाठी झालेला कापूस पुन्हा ढगासारखा फुलायचा. फोमला पिंजारी नाही. त्याची मोडलेली काडी उन्हात टाकून, झटकून, उलटी करून सांधत नाही. फोम येण्याआधी नौकांतल्या गाद्यांत घोड्याचे केस भरत, नाहीतर कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. त्याच्या तंतूंवर मेणासारखा थर असल्यानं तो पाण्यावर तरंगतो. जीवरक्षक जाकिटांतही तोच भरलेला असे. सावरीची उशी डोक्याखाली घेऊन वाढलेल्या मराठी माणसाला त्याचा मऊपणा वेगळा सांगायला नको. पण तोही दबून चुरा होतो आणि त्याच्या गाठी सरकतात. म्हणून फोम आला यात चूक काही झाली नाही. चूक झाली ती तो कायमचा आहे असं धरून चालण्यात.

दर्यावर्दी माणसानं फळीवरही झोपावं, गादीचे एवढे लाड कशाला, असा एक आक्षेप हमखास येतो. त्याला जुन्या युद्धनौकांनीच उत्तर देऊन ठेवलं आहे. त्यांवरचे खलाशी फळीवर झोपत नसत, झोळीत झोपत. झोळी अंगाला सगळ्या बाजूंनी धरते आणि नौकेबरोबर झुलते, म्हणून झोप लागते. लांबच्या सफरीत सुकाणूची पाळी तीन-चार तासांनी बदलते. तेवढ्यात ओले कपडे उतरवून, काही खाऊन जी झोप मिळेल ती पदरात पाडायची असते. एकट्याच्या सफरीत तर ती मिनिटांच्या तुकड्यांत मिळते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि अभिलाष टॉमी २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता पाच महिन्यांत. अशा सफरीत पाठ टेकताच झोप लागणं हे सुरक्षिततेचंच अंग आहे. कमरेचं हाड फोममधून खालच्या प्लायवूडला टेकत असेल तर माणूस कूस बदलत राहतो, आणि पुढच्या पाळीला तोच थकलेला माणूस अंधारात दुसऱ्या जहाजाचा दिवा ओळखायला बसतो.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: जुन्या फोमवर दोन इंचांचा नवा थर टाकला तर? बंदरात चार रात्री त्यावर बऱ्या जातात. मग वरचा थर खालच्या खड्ड्याचाच आकार घेतो. शिवाय बाक उंचावतो, आणि नौका कलली की माणूस खाली घरंगळू नये म्हणून बांधलेला कापडी आडोसा तेवढाच तोकडा पडतो. जुन्या फोमनं एकदा समुद्राचं पाणी प्यायलं असेल तर प्रश्नच मिटला. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढत राहतं, त्यामुळे गोड्या पाण्यानं खळखळून धुतल्याशिवाय असा फोम पुरता वाळतच नाही. त्या कुबट वासावर कितीही नवी खोळ चढवली तरी तो चौथ्या दिवशी वर येतो.

खर्चाची अडचण खरी आहे, ती झटकून टाकता येत नाही. पण सगळ्या गाद्या एकदम बदलायची गरज नसते. नाळेकडचा तिकोनी बिछाना बंदरात सुखाचा. भर समुद्रात तिथे झोपणाऱ्याला लाट उचलून आपटते. खवळलेल्या पाण्यात झोप घ्यायची ती नौकेच्या मधोमध, खालच्या बाकांवर, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी. तेव्हा पैसे दोनच गाद्यांपुरते असतील तर त्या दोन आधी कराव्यात. आणि स्वस्त फोम घेऊन बचत करू नये. दुकानात ‘कडक की मऊ’ एवढंच विचारतात, पण कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार इंच जाडीच्या फोममध्ये आठ इंच व्यासाची तबकडी जाडीच्या पाव भागाइतकी खाली दाबायला किती जोर लागतो, त्यावरून कडकपणा ठरतो. घनता म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल. हलका फोमही कडक करता येतो. हाताला तो भरीव लागतो आणि लवकर बसतो. १९० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १० जाड अशी गादी २५ किलो घनतेच्या फोमची केली तर ती तीन किलोंच्या आत भरते, ४० किलो घनतेची केली तर साडेचार किलोंच्या थोडी वर. दोन किलोंपेक्षाही कमी असलेल्या या फरकावर गादीचं पुष्कळसं आयुष्य अवलंबून आहे. राहिला जुन्या फोमच्या कचऱ्याचा प्रश्न. तो मला टोचतो, आणि जड फोम घेण्याचं तेही एक कारण आहे: दर चार वर्षांनी हलका फोम फेकण्यापेक्षा एकदाच चांगला घातलेला बरा.

माप घेताना जुन्या फोमवर विश्वास ठेवू नये, कारण तो आक्रसलेला असतो. माप फळीवरून आणि खोळीवरून घ्यावं. नौकेचं अंग वरच्या बाजूला फाकत जातं, म्हणून तिच्या कडेला लागणाऱ्या गादीची वरची बाजू खालच्या बाजूहून रुंद लागते. ही तिरपी कड सरळ कापली गेली की फट राहते आणि रात्री हात नेमका तिच्यात जातो. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापला तर कापड ताणून बसतं. चेन प्लॅस्टिकची असावी. धातूची खाऱ्या हवेत गंजून अडकते. आणि फळीला भोकं पाडावीत किंवा खाली पट्ट्या ठोकाव्यात, कारण झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ गादीतून उतरते आणि गार फळीशी तिचं पाणी होतं. खालून वारा मिळाला नाही तर उत्तम फोमलाही पहिल्या पावसाळ्यातच बुरशी धरते.

शेवटी एक विनंती. नवा फोम खोळीत सरकवण्याआधी त्याच्या कडेवर न पुसणाऱ्या शाईनं घनता, कडकपणा आणि साल लिहून ठेवा. नौका बहुधा तुमच्यानंतर आणखी कुणाच्या हाती जाईल, आणि ती खोळ उघडणाऱ्याला आत काय आहे ते कळायला हवं.