नातीची स्कूटर आणि विहिरीचा कठडा



आज द्राक्षाचं काही नाही. खरड छाटणी होऊन महिना होत आला, फुटींची विरळणी उरकली, सबकेनला अजून थोडा अवकाश आहे. मधल्या चार दिवसांत मी एक वेगळीच गाडी दुरुस्त केली. नातीची. तीन चाकाची, एका पायानं ढकलत चालवायची स्कूटर. पुढं दोन चाकं, मागं एक. माझी चूक पण त्यात आहे, म्हणून सगळंच लिहितो.

नात पाच वर्षांची. सुट्टीला आली तेव्हा बाजारातून मीच ती स्कूटर आणली. सूनबाई म्हणाली होती, "मामा, इथं कुठं चालवणार ती? सगळी दगडं." मी म्हटलं, बेदाणा शेडपुढं कोबा आहे की. बेदाणा निघून गेलाय, जागा मोकळीच आहे. चालवू दे.

आठ दिवस मजेत गेले. नवव्या दिवशी वळताना गाडी कलली आणि पोरगी हँडलवर पोटावर पडली. हनुवटीला दोन टाके पडले. पण डॉक्टरांनी हनुवटीपेक्षा पोटच जास्त वेळ तपासलं. म्हणाले, हँडलचं टोक पोटात घुसलं की बाहेरून नुसता गोल वळ दिसतो, आत लिव्हरला, प्लीहाला मार बसलेला असू शकतो. पोट दुखायला लागलं, उलटी झाली, पोर मलूल दिसलं तर रात्री-अपरात्री पण घेऊन या. ती रात्र आम्ही कुणी झोपलो नाही. देवाच्या दयेनं काही झालं नाही.

मला झोप न यायचं आणखी एक कारण होतं. पोरगी पडली, पण गाडी थांबली नाही. ती उतारानं एकटीच गडगडत गेली आणि जुन्या विहिरीच्या कठड्याला जाऊन अडकली. त्या बाजूचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळलाय. गाडी जिथं थांबली तिथून दोन हातांवर भगदाड. पोरगी गाडीवर असती तर? हे मी घरात कुणाला बोललो नाही. पण सूनबाईनं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटर माळ्यावर गेली. पोरगी रोज विचारायची, "आबा, माझी गाडी बरी झाली का?" शेवटी गुपचूप खाली काढली आणि शेडमध्ये उलटी करून ठेवली.

आधी नुसती चाकं फिरवून बघितली. उजवं पुढचं चाक गरगर फिरलं. डावं अर्ध्या फेऱ्यात थांबलं. बेअरिंगमध्ये माती आणि गंज. आपण ट्रॅक्टरला एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो ना, तसंच हे. पोरगी सरळ चालवायची आणि गाडी डावीकडं ओढायची. म्हणून तर रस्त्याला लागताना आपण दोन्ही ब्रेक पेडलं कुलुपानं जोडतो. मला ट्रॅक्टरचं कळतं, पण नातीच्या गाडीचं एकदाही बघितलं नाही.

बेअरिंग ६०८ नंबरचं निघालं. आत ८ मिलिमीटरचं भोक, बाहेरून २२. स्केटिंगच्या चाकात पण हेच असतं, बेअरिंगच्या दुकानात सहज मिळतं. एका चाकात दोन बसतात. मी नवीन घातली, बोल्ट आवळला आणि चाक परत जाम. अर्धा तास डोकं खाजवलं. मग जमिनीवर एक छोटी नळी पडलेली दिसली. दोन बेअरिंगच्या मधे ती स्पेसरची नळी लागते, नाहीतर बोल्ट आवळला की बेअरिंग दाबली जातात. नळी घातली, चाक पाण्यासारखं फिरलं.

मग हँडल. दांडा खालच्या क्लॅम्पमध्ये हलत होता. साधा नट होता, हादऱ्यानं सैल झालेला. तिथं नायलॉनचा नट घातला, तो सहजासहजी ढिला होत नाही. हँडलची उंचीपण मीच चुकवली होती. पोरगी वाढेल म्हणून सगळ्यात वर करून ठेवलं होतं. पाच वर्षांचं पोर खांद्याएवढं हँडल धरून कसं वळवणार? आता तिच्या कमरेच्या थोडं वर ठेवलंय. हात कोपरात थोडे वाकलेले राहतात, तोल सांभाळता येतो. मुठीचं रबर टोकाला फाटून पाइपची कड उघडी पडली होती. तीच कड पोटात घुसली होती. दोन्हीकडं टोकाला जाड गोंड असलेल्या नव्या मुठी बसवल्या.

आता माझं शहाणपण ऐका. १५-१६ वर्षांपूर्वी आमच्या भावकीतला ट्रॅक्टर बांधावर पलटी झाला होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, चाकं रुंद असली की पलटी होत नाही. म्हटलं, मागं पण दोन चाकं लांब ॲक्सलवर टाकू. गावात वेल्डिंगवाल्या पोराकडं गेलो. तो म्हणाला, "तात्या, हे ॲल्युमिनियम आहे. माझा रॉड याला धरत नाही. आणि धरला तरी पोराच्या गाडीला मी जोड मारणार नाही. सांधा तडकला तर कुणाच्या जिवावर?" पोरगं खरं बोललं. मग मी पट्टी आणि बोल्ट लावून रुंद ॲक्सल केलाच.

गाडी उभी एकदम दणकट दिसली. मी स्वतः हातानं ढकलून बघितली. मग लक्षात आलं, पाय मारला की टाच मागं जाते आणि बाहेर आलेल्या चाकावर आपटते. पळत्या गाडीवर टाच आपटली असती तर पोरगी तोंडावरच गेली असती. ट्रॅक्टरवर माणूस मधे बसतो. इथं पोर एक पाय जमिनीवर मारत चालवतं, त्या पायाला जागा लागते. म्हणून दोन चाकं पुढं आणि मागं एक अरुंद, हीच मांडणी बरोबर. कारखान्यात करणाऱ्याला माझ्यापेक्षा कळतं. माझा ॲक्सल काढून टाकला.

मागच्या चाकावरची ब्रेकची पट्टी वाकलेली होती, पाय दिला तरी चाकाला टेकत नव्हती. ती सरळ केली. उभं राहायची फळी गुळगुळीत होती, तिच्यावर जिन्याच्या पायरीला लावतात ती खरखरीत टेप लावली.

गाडी झाली. सूनबाईला दाखवली. तिनं हँडल हलवून बघितलं, चाकं फिरवली. म्हणाली, "चांगली झालीय मामा. पण आधी कठड्याचं बघा."

एवढंच बोलली. मला उत्तर नव्हतं. गाडीचे नट मी चार दिवस आवळत बसलो आणि जे खरं करायचं होतं ते दोन वर्षं उद्यावर ढकलत होतो. बाग, फवारण्या, मजूर, भाव, कारणं कायम होतीच. त्याच दिवशी गवंडी बोलावला. तीन दिवसांत कठडा सगळीकडून छातीइतका झाला. कोब्याच्या उताराकडच्या कडेला दगडांची ओळ रचून माती दाबली, म्हणजे गाडी सुटली तरी तिथंच थांबेल. शेडच्या लोखंडी खांबांना चाकाच्या उंचीपासून पोराच्या डोक्यापर्यंत जुने बारदान गुंडाळले. आणि रोज सकाळी कोबा झाडतो. ही चाकं चार-साडेचार इंचाची. आपल्याला जो खडा दिसतपण नाही, त्याला ते चाक अडतं आणि पोर पुढं जातं.

हेल्मेट सायकलचं आणलं. भुवईच्या वर दोन बोटं राहील एवढं खाली, आणि हनुवटीखाली पट्टा घट्ट. मागं कलवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडंच राहतं.

पहिले दोन दिवस नात गाडीवर पाय ठेवेना. लांबून बघायची. मी जबरदस्ती केली नाही. सपाट कोब्यावर तिला नुसतं ब्रेकवर पाय द्यायला शिकवलं, मी गाडी धरून. चालायचं, थांबायचं. चालायचं, थांबायचं. तिसऱ्या दिवशी मी बागेत होतो. परत आलो तर सूनबाई स्वतः कोब्यावर उभी, आणि पोरगी गोल फेऱ्या मारतेय.

मला बघून ओरडली, "आबा, आता डावीकडं पळत नाही!"

मंडळी, घरात पोरांची गाडी असेल, कसलीही, तर आज संध्याकाळी उलटी करून चाकं फिरवून बघा. पाच मिनिटं लागतात. आणि गाडी जिथं पळते तिथं एकदा स्वतः चालत जाऊन उतार कुठं संपतो ते बघा.

सबकेनची नोंद पुढच्या आठवड्यात.