जमेच्या रकान्यातलं अनुदान

माझ्या पहिल्या मराठी चित्रपटाचं अंदाजपत्रक करताना जमेच्या बाजूला पहिला आकडा लिहिला तो सरकारी अनुदानाचा. पटकथेचा शेवट ठरायचा होता, कलाकार ठरायचे होते, सबसिडी मात्र ठरलेली होती. तेव्हाच्या योजनेत ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये मिळत. मी ३० धरले आणि हिशेब सुरक्षित आहे अशी स्वतःची खात्री करून घेतली.

योजनेत लपवाछपवी काही नव्हती. चित्रपट पूर्ण व्हायचा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळायचं, मग फाइल गोरेगावच्या चित्रनगरीत जायची. तिथे परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देणार आणि गुणांवर दर्जा ठरणार. म्हणजे हा पैसा काम संपल्यावरचा. कॅमेऱ्याचं भाडं, युनिटचं जेवण, डबिंग यातलं काहीही त्याच्यातून भागत नाही. हे सगळं वाचलेलं असूनही येणाऱ्या अनुदानाच्या भरवशावर मी व्याजाने पैसे उचलले. ‘श्वास’ला २००४ साली सुवर्णकमळ मिळाल्यापासून चांगल्या मराठी चित्रपटाला आता आधार आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. मी त्या आधारावर घर बांधायला घेतलं.

पैशाची चूक निस्तरता आली. पटकथेत केलेली चूक तशीच राहिली. आमची गोष्ट ऊसतोड कामगाराच्या मुलाची होती. दिग्दर्शकाने लिहिलेल्या शेवटात तो शाळा सोडून आईबापांबरोबर पुन्हा कारखान्याच्या ट्रकमध्ये चढतो. हा शेवट समितीला निराशाजनक वाटेल असं माझ्या मनाने घेतलं. मी वसतिगृह आणायला लावलं, एक सहृदय अधिकारी आणायला लावला. दिग्दर्शक माझ्यापेक्षा बराच तरुण. तो म्हणाला, “दादा, मग हा पिक्चर कुणासाठी आहे?” मी उत्तर दिलं, “आधी गुण मिळू देत.” तसा शेवट हवा असं समितीतल्या कुणी कधी म्हटलं नव्हतं, नियमांतही तसं काही नव्हतं. ‘फँड्री’ समोर होता. प्रेक्षकाच्या दिशेने दगड भिरकावून संपणाऱ्या त्या चित्रपटासाठी नागराज मंजुळेंना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तरीही मी न मागितलेली तडजोड स्वतःहून करून टाकली. सरकारी धोरणाने माझा चित्रपट बिघडवला असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

प्रदर्शनाच्या बाबतीतही मी नियमावर विसंबलो. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवणं बंधनकारक होणार अशी घोषणा झाली, तेव्हा तिच्या बाजूने मी तावातावाने बोललो होतो. पुढे चर्चा होऊन ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी रुंदावली. आमच्या चित्रपटाला कामाच्या दिवशी दुपारचे खेळ मिळाले. ते नियमातच बसत होते. प्रसिद्धीसाठी राखलेले पैसे चित्रीकरणातच संपले होते, त्यामुळे असा चित्रपट लागलाय हेच लोकांना माहीत नव्हतं. ज्यांची गोष्ट सांगितली त्यांच्या तालुक्यातलं थिएटर तर केव्हाच बंद पडलं होतं. नियमाने पडदा मिळतो. प्रेक्षक आणण्याची जबाबदारी माझी होती आणि तिच्यासाठी मी अंदाजपत्रकात काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

दर्जा ‘ब’ मिळाला. रक्कम आली, पण तोवर व्याज वाढत गेलं होतं आणि बहुतेक पैसा सावकाराकडे गेला. लाइटमन, स्पॉटदादा, मेकअपचे सहायक यांची बाकी मी सर्वांत शेवटी चुकती केली. ज्यांना थांबणं परवडत नव्हतं त्यांनाच मी थांबवलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची.

अनुदान नको असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते नसतं तर कित्येक धडपडणाऱ्या निर्मात्यांनी दुसरा चित्रपट केलाच नसता. पण दादा कोंडक्यांच्या काळातल्या करपरतावा योजनेत एक गोष्ट चोख होती: तिकिटं विकली जायची तेव्हाच परत मिळणारा कर जमा व्हायचा आणि तो पुढच्या मराठी चित्रपटात घालावा लागायचा. त्यामुळे निर्मात्याचं लक्ष तिकीटबारीवर राहायचं. त्या योजनेलाही मर्यादा होत्या, गर्दी न खेचणाऱ्या चांगल्या चित्रपटाच्या हाती तिच्यातून फारसं काही लागत नसे. तिथे दर्जाचं अनुदान हवंच. मात्र त्यातला काही भाग पटकथेच्या टप्प्यावर आणि काही प्रदर्शनासाठी मिळाला, तर माझ्यासारख्याला सावकाराचं दार गाठावं लागणार नाही. केरळचं राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहं चालवतं. आपल्याकडे मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या तालुक्यांत तसे लहान पडदे उभे राहावेत, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आता नव्या चित्रपटाची जुळवाजुळव चालू आहे. दिग्दर्शक तोच आहे. शेवट त्याचा, त्यात मी हात घालणार नाही हे करारात लिहिलं आहे. रोजंदारीवरच्या सगळ्यांच्या मजुरीचे पैसे वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय चित्रीकरणाची तारीख ठरणार नाही, त्यामुळे ती अजून ठरलेली नाही. जमेच्या बाजूला अनुदानाचा रकानाच ठेवलेला नाही.