फुकट मिळते तेही पारखूनच घ्यावे

पैसे मोजून वस्तू घ्यायची असली की आपली माणसे चार दुकाने फिरतात, भाव करतात, पावती मागतात. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूची चौकशी कोणी करीत नाही. फुकट आहे ना, मग कोणतीही चालेल, असा आपला समज असतो. संगणकाच्या बाबतीत हा समज धरून चालणार नाही, असे आमचे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला एका कार्यालयाने वापरातून काढलेले आठ संगणक मिळाले. यंत्रे धडधाकट, पण जुनी. त्यांत विंडोज १० होते आणि त्या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप व नवा प्रोसेसर आठांपैकी एकाच यंत्रात होता. एक दुकानदार म्हणाला, "थोडक्या पैशांत सगळ्यांवर टाकून देतो." म्हणजे चोरीची प्रत! मुलांच्या शिक्षणाचा आरंभ चोरीच्या मालाने करायचा नाही, हे आम्ही कार्यकर्त्यांनी एकमताने ठरविले. उरला मार्ग मोफत प्रणालींचा. तेथे मात्र एक नव्हे, डझनभर नावे समोर आली : डेबियन, उबुंटू, मिंट, आपल्या सी-डॅकचे बॉस, शिवाय फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी.

ही सारी नावे एकाच घराण्यातली आहेत. १९६९ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास प्रारंभ केला. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने तिच्यात पुष्कळ भर घातली. ती बीएसडीची शाखा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण सर्वांना वापरण्यास, तपासण्यास व बदलण्यास मोकळी असलेली 'ग्नू' प्रणाली उभारण्याचे जाहीर केले. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने तिला हवा असलेला गाभा लिहिला, तो लिनक्स. १९९३ साली डेबियन निघाले व त्याच वर्षी बर्कलेच्या शाखेतून फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी निघाले. बर्कलेच्या कामावर मात्र १९९२ पासून न्यायालयात दावा चालू होता. तो १९९४ साली मिटला. तोवर लिनक्सने आपले पाय रोवले होते.

दोन्ही शाखा मोफत आहेत, मग फरक काय? तो परवान्यात आहे. समजा, एका ताईने आपल्या चटणीची कृती सर्वांना सांगितली. बीएसडीचा परवाना म्हणतो, घ्या, बदला, बाटलीत भरून विका. तुम्ही काय घातले ते सांगू नका, मूळ ताईचे नाव तेवढे ठेवा. लिनक्सचा परवाना म्हणतो, घ्या, बदला, विकासुद्धा. पण बाटली दुसऱ्याच्या हाती दिली की तुमची सुधारलेली पूर्ण कृतीही त्याला दिली पाहिजे आणि त्यानेही ती पुढे मोकळी ठेवली पाहिजे. पहिल्यात देणाऱ्याचे औदार्य आहे, दुसऱ्यात घेणाऱ्यावर बंधन आहे. सर्वांनी मिळून वाढविलेली वस्तू सर्वांचीच राहावी, हे आम्हाला अधिक पटते. परंतु केवळ तत्त्वावर संगणक चालत नाही, म्हणून आम्ही यंत्रांनाच विचारायचे ठरविले.

या प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकातील मजकुराला हात न लावता, चालवून पाहता येतात. आमच्या तरुणांनी दोन रविवार हेच केले. यंत्राला चार जीबी मेमरी पुरते का? प्रिंटर व वायफाय ओळखले जातात का? इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते का? सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? आणि अडल्यास विचारायला जवळपास कोणी आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवून घेतली.

फ्रीबीएसडीची शिस्त आवडली. तिचा गाभा व सोबतची साधने एकाच गटाच्या देखरेखीखाली तयार होतात आणि तिची माहितीपुस्तिका उत्तम आहे. पण पडद्यावरची चित्रमय मांडणी बहुधा वेगळी बसवावी लागते, आमच्या यंत्रांतील वायफायने तेथे त्रास दिला आणि जाणकारही आसपास कोणी नाही. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती जुन्या यंत्रांवर मुकाट्याने चालली व मराठीही नीट उमटली. तिच्या २०२४ सालच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

हे सारे सभेत मांडले तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एका माउलीने विचारले, "भाऊ, फुकटचं म्हणजे आमच्या पोरांना टाकाऊच देताय व्हय?" प्रश्न जिव्हारी लागणारा होता आणि रास्तही होता. आयुष्यभर दुसऱ्याचे उतरलेले कपडे ज्यांनी लेकरांना घातले, त्यांना हा संशय येणारच. आम्ही म्हणालो, "ताई, यंत्रे जुनी आहेत हे खरे, पण आत बसविले आहे ते जुने नाही, उतरलेलेही नाही. तुमच्या अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात. पुण्यात २०१८ साली हवामानाच्या अभ्यासासाठी बसविलेला 'प्रत्युष'ही त्यावरच चालला."

एका पालकाची शंका वेगळी होती : नोकरीत विंडोज व टॅली विचारतात, त्याचे काय? वाणिज्य शाखेत शिकून कारकुनी केलेल्या आम्हाला ही शंका झटकता येणार नव्हती. टॅली विंडोजसाठीच तयार होते. म्हणून जे एक यंत्र विंडोज ११ पेलू शकत होते, त्यासाठी वर्गणीतून रीतसर परवाना घेतला व तेथे टॅलीचा सराव ठेवला. सहा यंत्रांवर मिंट बसविले. आठव्यावर फ्रीबीएसडी ठेवले, कारण यंत्राच्या पोटात काय चालते हे शिकण्याची हौस दोघा-तिघा मुलामुलींना आहे. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांचे नियम मात्र कोणत्याही पडद्यावर तेच राहतात, हे मुलांना आवर्जून सांगितले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरी वा मंडळात जुना संगणक धूळ खात पडला असेल तर तो भंगारात घालू नका. आधी त्यातील कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवा. मग मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, वरील पाच प्रश्न तिला विचारा आणि मगच ती बसवा. निवड करताना जाणत्यांचा सल्ला घ्या, पण निर्णय वापरणाऱ्यांना करू द्या. शेवटी त्या पडद्यासमोर बसायचे आहे ते आपल्या मुलांना.