सकाळी बंद, दुपारी चालू

फजरची नमाज झाली की मी गच्चीवर जाते. समोर न्हावा शेवा बंदराच्या क्रेन रात्रभर दिवे लावून उभ्या असतात. आमच्याकडे वीज गेली तरी तिकडचा उजेड तसाच. मागच्या फेब्रुवारीत आमच्याही गच्चीवर सहा सोलर पॅनेल बसले आणि जिन्याच्या छपराखाली भिंतीवर एक पांढरा डबा आला, इन्व्हर्टर. जूनमध्ये या डब्यावरचा लाल दिवा पाहूनच माझी सकाळ उगवायला लागली.

माझं बीएड उर्दू आणि मराठीचं. विजेशी माझा संबंध बटणापुरता. तरी सोलरचा हट्ट माझाच होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, हे स्टाफरूममध्ये कळलं. व्याजाचं कर्ज नको, म्हणून मी भिशी उचलली, बाकीचे कुवेतच्या दिरांनी पाठवले. बसवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, अक्षर वाईट. पुढे आयटीआय करून याच कामात पडला. शेवटचे दहा हजार मी हातात ठेवले होते. म्हटलं, नीट चाललं की देईन.

पहिली फजिती चौथ्याच दिवशी झाली. रणरणत्या दुपारी वीज गेली आणि घरातले पंखेही थांबले. शेजारच्या खाला म्हणाल्या, "एवढं ऊन डोक्यावर घेऊन तुम्ही पण अंधारातच का?" मी लगेच त्याला फोन लावला. तो म्हणाला, हा बिघाड नाही. आपलं सोलर बाहेरच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नाही. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टरने स्वतःहून थांबायचंच असतं. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून गेलेली वीज झटका देईल. हे मला पटलं. खालांना अजून पटलेलं नाही.

मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं. रोज बारा-तेरा युनिट तयार होत होते. ट्रेलरच्या रस्त्याची धूळ काचेवर बसते, म्हणून दर शुक्रवारी ऊन चढायच्या आत मुलं गोड्या पाण्याने काचा पुसायची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, तडा जाऊ शकतो. एवढं मला ठाऊक झालं होतं आणि तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजायला लागले होते.

मग पाऊस आला. सकाळी डब्यावर लाल दिवा, पडद्यावर "आयसोलेशन" असा शब्द. दहा-अकरा वाजता आपोआप हिरवा. मी मुलाला सांगायचे, बंद करून चालू कर. कधी चालू व्हायचा, बहुधा नाही. फिटरला बोलावलं. तो दुसरीकडचं काम उरकून तीन वाजता आला, तेव्हा सगळं ठीक. पुन्हा बोलावलं, पुन्हा दुपारीच आला, पुन्हा ठीक. जाताना म्हणाला, "टीचर, केव्हा बंद पडतो, केव्हा चालू होतो, तेवढं लिहून ठेवाल का?"

मला राग आला. पैसे घेताना नाही सांगितलं लिहून ठेवा म्हणून! यांचे एक मित्र म्हणाले, अर्थिंगची तार काढून टाका, दिवा जाईल. हेसुद्धा मी करायला निघाले होते. नशीब, आमच्याकडे तेवढा लांब पाना नव्हता.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यात एका अकीक्याचं जेवण होतं. सोलरचा विषय निघाला आणि मी बोलून गेले, "आमच्या पोराने फसवलं. माल हलका लावला आणि आता हात वर करतो." माझ्यामागे दोन ओळी सोडून त्याची अम्मी बसली होती. मला दिसली ती हात धुवायला उठताना. तिने सलाम केला नाही. मीही केला नाही.

घरी येऊन जुन्या हजेरीपटाची कोरी पानं काढली. खरं सांगायचं तर त्याला खोटं पाडायला काढली. रकाने आखले: तारीख, रात्री पाऊस होता का, सूर्य उगवताना दिवा कोणता, चालू किती वाजता. पंधरा दिवस भरलं. वर्गातल्या मुलांसारखा या डब्याचा स्वभाव कागदावर उतरला. पाऊस नसलेल्या तीन रात्रींनंतर तो वेळेवर हजर. रात्रभर कोसळला की दहा-अकरापर्यंत गैरहजर. एके दिवशी संततधार, तर तो संध्याकाळपर्यंत गैरहजर. दुपारी तीनला येणाऱ्या माणसाला तो कसा सापडणार?

पानांचे फोटो त्याला पाठवले, सोबत एक शब्दही लिहिला नाही. रविवारी फजरनंतर तो दारात उभा. गच्चीवर उकिडवं बसून त्याने मोबाइल उघडला. ॲपमध्ये रोजच्या युनिटच्या उभ्या रेषा असतात. मार्च, एप्रिल, मे सारख्या उंच. ९ जूनपासून बुटक्या. त्याने विचारलं, "टीचर, ८ जूनला गच्चीवर काय केलंत?"

"काही नाही," मी म्हटलं. मग आठवलं. आगोटी. गव्हाचे डबे, मसाले, सुकी मासळी आत घेतली आणि जिन्याच्या बाजूला ताडपत्री बांधली. दोरी ओढायला काळ्या तारा मध्ये येत होत्या. पॅनेलच्या सांगाड्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. मी स्वयंपाकघरातली सुरी आणून त्या पट्ट्या कापल्या आणि तारा खाली सोडल्या.

तो काही बोलला नाही. आधी घराकडे जाणारा एमसीबी पाडला, मग पॅनेलकडचा स्विच, आणि पाच-सात मिनिटं नुसता थांबला. का, विचारलं तर म्हणाला, बंद केल्यावरही डब्यात आत थोडा वेळ वीज साठलेली असते. पॅनेलच्या तारांना तर सूर्य असेपर्यंत विसावा नाही. घराचा मेन पाडला तरी त्यांच्यात वीज असतेच, आणि सहा पॅनेल एका माळेत म्हणजे तीनशे व्होल्टच्या आसपास. म्हणून चालू असताना ते कनेक्टर ओढून काढायचे नाहीत, ठिणगी उडते आणि विझत नाही. मग रबरी मोजे घातले, तारा सोडवून मेगर लावला. तारेची वीज जमिनीकडे किती झिरपते ते या यंत्राने कळतं. एक तार चांगली, दुसरीत काटा पडला. बोटभर लांबीने तपासत तो ताडपत्रीपाशी पोहोचला. पन्हाळीच्या कडेला साचलेल्या पाण्यात तार पडली होती आणि तिच्या सालीवर एक बारीक, सरळ चीर होती. सुरीची.

मग त्याने मला समजावलं, मी वर्गात समजावते तसंच, दोनदा. रोज सकाळी कामाला लागण्याआधी इन्व्हर्टर स्वतःच तपासतो की पॅनेलची वीज कुठे जमिनीत झिरपत तर नाही ना. चीर ओली असली की झिरपते, म्हणून तो नकार देतो. ऊन पडून चीर वाळली की तो होकार देतो. डबा बिघडलेला नव्हता. त्याच तारांजवळ माझी मुलं अनवाणी पायांनी कपडे वाळत घालत होती. अर्थिंग काढायचं बोलणं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघत राहिला.

तारेचा तो तुकडा बदलला, कनेक्टर जमिनीपासून वर सांगाड्याखाली बांधले, उन्हाने न तडकणाऱ्या पट्ट्यांनी. खर्च साडेतीनशे. त्या दिवसापासून अजून एकच शब्द मधूनमधून पडद्यावर दिसतो, ओव्हरव्होल्टेज, तोही रविवारी दुपारी, बाहेरचा दाब २५० च्या वर गेला की. तो फिटरच्या हातातला नाही, आकडा आणि वेळ लिहून वीज कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. हजेरीपट त्यासाठीही कामाला आला.

मी दहा हजार आणि वरचे साडेतीनशे त्याच्यापुढे ठेवले. त्याने मोजून घेतले. राहू दे टीचर वगैरे म्हणाला नाही, ते मला बरं वाटलं. पावती लिहून दिली. अक्षर अजून वाईटच आहे.

पण बायकांमध्ये बोललेलं बायकांमध्येच परत घ्यायला हवं होतं. पुढच्या महिन्यात एका घरी कुरआनखानी होती. चहा चालू असताना मी घसा साफ केला आणि सांगायला लागले, ८ जून, ताडपत्री, सुरी, चीर. मला वाटलं होतं सगळ्या कान देऊन ऐकतील. मेगरपर्यंत पोहोचले तेव्हा दोघी उठून पोरांना बघायला गेल्या होत्या. खाला म्हणाल्या, "म्हणजे वीज गेल्यावर पंखा आता लागतो ना?"

त्याची अम्मी कोपऱ्यात बसली होती. मी तिच्याकडे बघूनच शेवटचं वाक्य बोलले, की चूक माझी होती, पोराचं काम चोख होतं आणि त्या दिवशी मी जे म्हटलं ते खोटं होतं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग बशी माझ्याकडे सरकवली.

"टीचर, चहा थंड होतोय."