अठरा वर्षांनंतर

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये बिऱ्हाड मांडून मला चार वर्षे झाली. पोलाद कारखाना उभारणाऱ्या मजुरांची ही जुनी वस्ती. सकाळी गल्लीतली माणसे कामावर निघतात, आणि माझा धाकटा भाऊ उंबऱ्यावर बसून त्यांच्या सायकली मोजतो. त्याचे वय 29. तो स्वमग्न आहे.

लहानपणी त्याला शाळा होती, बाई होत्या, वेळापत्रक होते. अठरावे वर्ष सरले आणि सारे एकाएकी थांबले. मागे एका कार्यालयात मी प्रौढांसाठी दिवसाचे एखादे केंद्र आहे काय, असे विचारले. समोरच्या गृहस्थाने सौजन्याने म्हटले, "मुलाचे वय सांगा." मीही कारकूनच, रकान्यात न बसणाऱ्या माणसाने होणारी त्याची पंचाईत मला तत्काळ कळली.

कायदे नाहीत असे नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रौढासही पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक समितीला दिला. 2016 च्या कायद्यातील 21 अपंगत्वांत स्वमग्नता आहे. केंद्राच्या 2018 च्या आदेशान्वये अशा आश्रित भावाची काळजी वाहणाऱ्या नोकरास, प्रशासकीय अडचण नसल्यास, नेहमीच्या बदलीतून सूट मिळते. परंतु एवढ्याने भावाचा दिवस भरत नाही.

आई सत्तरीला टेकली आहे. "माझ्यामागे याचे कसे?" हा प्रश्न ती आता मोठ्याने विचारते. म्हणून काल पालकत्वाचा अर्ज तिच्या शेजारी बसूनच लिहिला. तेवढ्यात भाऊ आत आला आणि म्हणाला, "बेचाळीस." एक सायकल अजून परतली नव्हती.