पिंजऱ्याच्या मागच्या दाराने

गेल्या हिवाळ्यात मासवणजवळच्या एका पाड्यावरून रात्री शेळी गेली. कुणी तरस म्हणाले, कुणी बिबट्या. ओहोळाच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले, मग मात्र सगळ्यांचे एकमत झाले. आठवडाभर मुलांना शाळेत सोडायला बाप आणि चाचे काठ्या घेऊन येत होते. पिंजरा लावून जनावर न्यावे असा अर्ज निघाला, त्यावर आम्हीही सही केली. पुढे बिबट्या काही दिसला नाही. अर्ज मागे पडला आणि सहीही आम्ही विसरलो.

ती सही आठवली बोरिवलीला.

सातवीच्या मुलांची सहल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात न्यायची असे ठरले होते. उद्यानातले पिंजऱ्यांमागचे कामही मुलांना पाहता यावे म्हणून आम्ही आधी अर्ज करून परवानगी घेतली होती. फजरची नमाज पढून निघालो. डबे, पाण्याच्या बाटल्या, बावीस मुले. पालघरला डहाणूची लोकल पकडली. वैतरणेचा पूल आला तशी सगळी मुले खिडकीकडे धावली. बोरिवलीला पूर्वेकडे उतरून चालत गेलो की महामार्गालगत उद्यानाचे दार लागते. मुलांना सांगितले, “हाच रस्ता पुढे आपल्या मनोरवरून अहमदाबादला जातो.” त्यांना ते खरेच वाटेना.

सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध आहे. विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांत आहेत आणि त्यांचे पाणी मुंबई पिते. आमच्या सूर्या नदीचे पाणी वसई-विरारला जाते, म्हणून मुलांना हे लगेच समजले. शहराच्या नळामागे कुठेतरी जंगल असते.

जाळीच्या खिडक्यांच्या बसमधून सफारी झाली. वाघ दिसला, सिंहही दिसला. 2022 साली गुजरातेतल्या जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची जोडी इथे आली आणि त्या बदल्यात इथून वाघांची जोडी तिकडे गेली, हे ऐकून एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे साटेलोटे!” बस हसण्याने दणाणली.

मागच्या बाजूला गेल्यावर हसणे आपोआप थांबले. आधी लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, मग आत. आवाज करायचा नाही, जाळीपासून लांब उभे राहायचे. देखभाल करणाऱ्या काकांनी सगळे समजावले. जनावर दिवसा मोकळ्या कुंपणात असते आणि संध्याकाळी खाण्यासाठी आतल्या खोलीत येते. मधले दार बाहेरून साखळीने ओढायचे. दोन दारे कधीही एकदम उघडायची नाहीत. जनावर कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. म्हशीचे मांस आणि कोंबडी तोलून द्यायची, किती खाल्ले आणि किती टाकले हे वहीत लिहायचे. आठवड्यातून एक दिवस उपास. “जंगलात रोज शिकार कुठे मिळते?” काका म्हणाले. ‘रोजा’ हा शब्द मुलांमध्ये कुजबुजत फिरला. इंजेक्शन द्यायचे असेल तेव्हा एक बाजू सरकणारा पिंजरा असतो. तो हळूहळू अरुंद करत नेला की जनावराला हलता येत नाही.

नंतर लांबून बिबटे पाहिले. ही सफारीतली जनावरे नव्हेत. काही पिल्ले असताना आईपासून चुकलेली, काही जखमी, काही वस्तीजवळ पकडलेली. एकाने आमच्याकडे पाहून दात विचकले आणि फिस्कारून कोपऱ्यात गेला. आमची एक विद्यार्थिनी आमच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, “सर, यांना जेवण मिळतं, दवा मिळते. मग सोडत का नाहीत?”

वर्गात आम्हीच ती हदीस सांगितली होती. एका बाईने मांजर बांधून ठेवले, त्याला खायला घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. पोरीने त्यातला दुसरा भाग नेमका लक्षात ठेवला होता.

उत्तर काकांनी दिले. माणसाच्या हातून वाढलेल्या पिल्लाला शिकार येत नाही. पकडलेले मोठे जनावर परक्या जंगलात सोडले तर ते वाट शोधत वस्त्यांमधून फिरते. 2002 ते 2004 या काळात या उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे जीवघेणे हल्ले झाले. बाहेर पकडलेले बिबटे तेव्हा इथेही आणून सोडले जात होते. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातही हेच दिसले की पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले वाढतात. शिवाय एक बिबट्या उचलला की त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरा येतो.

काकांनी आजोबाचीही गोष्ट सांगितली. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा म्हातारा बिबट्या. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तो रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून या जंगलात आला. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीची धडक बसून तो मेला. आमच्या मनोरवरून जाणारा तोच महामार्ग.

मुले गप्प झाली. आम्हीही. आम्ही मागितलेला पिंजरा लागला असता तर त्याचा शेवट कदाचित अशाच एका खोलीत झाला असता. आणि आमच्या पाड्यावर दुसरा बिबट्या आलाच असता.

भीती खोटी नव्हती. 2021 मध्ये आरे कॉलनीतही हल्ले झाले आहेत. लेकरू सांभाळणाऱ्या आईला जंगलाचे महत्त्व सांगून तिची रात्र सरत नाही. पण 2015 च्या मोजणीत या उद्यानात आणि आसपास 35 बिबटे आढळले, आणि भोवती लाखो माणसे राहतात. तिथली शिकवण साधी आहे. कचरा साचला की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कचरा उचला, दिवे लावा, अंधार पडल्यावर लेकरांना एकटे सोडू नका, शेळ्या बंद गोठ्यात ठेवा, बिबट्या दिसला तर गर्दी करून घेरू नका.

परतीच्या लोकलमध्ये मुले पेंगत होती. त्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्या गावाचा अर्ज अजून तिथेच आहे का?” तिला कसे माहीत? तिच्याच अब्बांनी तो लिहिला होता.

पुढच्या पालकसभेत आम्ही तो विषय काढणार आहोत. पिंजऱ्याऐवजी पाड्याच्या वाटेवर दोन दिवे आणि शेळ्यांच्या गोठ्याला पक्के दार मागायचे आहे. पहिली सही आमचीच असेल, इन्शाअल्लाह.