आवरणारी नस

हृदयाच्या अविश्रांत धावण्याचे कौतुक सर्वत्र होते. त्याला आवरणाऱ्या नसेची आठवण मात्र क्वचितच होते. मेंदूच्या तळाशी उगम पावून गळ्यातून छातीत व पुढे उदरात उतरणारी व्हेगस ही ती नस. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची ही नस उत्तेजित केली. ते हृदय मंदावले. त्यातील द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला देताच तेही मंदावले. नस रसायनाच्या भाषेत बोलते, हे त्यातून कळले.

हृदय दुर्बल होते म्हणजे ते थांबत नाही. शरीराला पुरेसे रक्त पुरवण्याची त्याची शक्ती घटते. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, रात्री उशा वाढवाव्या लागतात. अशा वेळी शरीर हृदयाला अधिकच पिटाळते आणि व्हेगसचा आवर सैल पडतो. थकलेल्या बैलाला चाबूक मारल्याने तो काही पावले धावतो, पण लवकर कोसळतो.

म्हणून यंत्राने व्हेगसला जागवण्याचा विचार पुढे आला. उंदरांवरील प्रयोगांत आयुष्य वाढलेले दिसले. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७०७ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू किंवा आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत; चालण्याची क्षमता मात्र काहीशी सुधारली.

पेशींच्या आतही असाच आवर आहे. मायक्रोआरएनए हे सुमारे २२ अक्षरांचे इवले तुकडे स्वतः प्रथिन घडवीत नाहीत. प्रथिन घडवण्याचा संदेश रोखतात. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत ते सापडले. त्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. व्हेगसच्या उत्तेजनाने हृदयातील काही मायक्रोआरएनएंचे प्रमाण बदलते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. परंतु २०१९ च्या एका प्रयोगात असाच एक तुकडा डुकरांच्या जखमी हृदयांत पेरला, तेव्हा हृदये आधी भरून आली. पुढे वाढ आवरली नाही आणि बहुतेक डुकरे ताल बिघडून अकस्मात दगावली.

बेडूक, उंदीर, डुक्कर! अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्या घरातील वृद्ध श्रावकाच्या हातातील गोळीमागे या पंचेंद्रिय जीवांचे प्राण आहेत. हे ऋण नाकारणे असत्य होईल आणि औषध नाकारून देह झिजवणे हे त्याचे उत्तर नव्हे. ऋण जाणून औषध नियमाने घ्यावे, ते वाया घालवू नये आणि प्राण्यांविना होणाऱ्या संशोधनाला बळ द्यावे, एवढे तरी श्रावकाच्या हाती आहे.

पर्युषणात वा दशलक्षणात निर्जळी उपवासाचा संकल्प करणाऱ्या हृदयरुग्णाने तो आधी डॉक्टरांच्या कानी घालावा. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आणि निर्जळी उपवास एकत्र आले तर रक्तदाब व मूत्रपिंडे संकटात येतात. गोळी स्वतःहून बंद करणेही तितकेच घातक. सामायिकातील संथ श्वास व्हेगसला साहाय्य करतो, तरी तो औषधाची जागा घेत नाही. तप शक्तीनुसार करावे, असे शास्त्र सांगते. आणि आपली शक्ती ओळखणे हाही संयमच आहे.